नऊ आठवड्यांचं पाणी

माझी मोठी बहीण गेली बावीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. तिच्या एका सवयीवरून तिथले लोक तिची थट्टा करतात. एखाद्या दिवशी पाण्याचा नमुना घेता आला नाही, तर ती वहीत त्या रकान्यात 'घेतला नाही' असं लिहिते आणि खाली सही ठोकते. साहेब म्हणतात, "अहो बाई, कालचा आकडा आहे, उद्याचा येईल. मधला टाका की अंदाजाने." ती मान हलवते आणि लिहायचं तेच लिहिते. सगळ्यांना वाटतं, बाई फार शिस्तीच्या. मला विचाराल तर त्यात शिस्तीपेक्षा लाज जास्त आहे. ती लाज कुठून आली, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण त्या दुपारी मी तिच्या शेजारीच बसले होते.

शाळा संपल्यावर ताईने कॉलेजात पर्यावरणशास्त्र घेतलं. घरात कुणी विरोध केला नाही, पण ते नक्की काय असतं हेही कुणाला कळलं नाही. बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. जे शिकून शेवटी हातात पानाही येत नाही आणि स्टेथोस्कोपही येत नाही, ते शिक्षण त्यांना जरा संशयास्पदच वाटायचं. आई पडदे शिवायची; ती म्हणाली, "तिला आवडतंय ना, मग झालं." मामाला मात्र आयतंच सापडलं. "म्हणजे झाडांना पाणी घालायची पदवी!" तो म्हणाला. "आणि पहिला वर्ग मिळाला तर काय, खतही घालू देतात?" तेव्हापासून तो तिला नावाने हाक मारीनासा झाला. दारातून आत येतानाच ओरडायचा, "काय पर्यावरण, आहेस का घरात?" पुढे शेजारचेही तसंच म्हणायला लागले.

ताई हसून सोडून द्यायची. पण तिला ते लागायचं, हे मला दिसायचं. दुसऱ्या वर्षाला त्यांना घरातला कचरा आठवडाभर वजन करून लिहायचा होता. ताई आईचा स्वयंपाकघरातला तराजू घेऊन जिन्यात बसली, तर आई दबक्या आवाजात म्हणाली, "आत ये आधी. लोक म्हणतील, पोरगी कचरा मोजते." ताई आत आली. पुढचे सहा दिवस तिने तो कचरा न्हाणीघरात कडी लावून मोजला. काम सोडलं नाही, पण दार मात्र लावून घेतलं.

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. आमच्या वस्तीच्या मागून एक ओढा वाहायचा. वर टेकडीपाशी बरा असायचा, मग घरांच्या मागून, मग कपडे धुण्याच्या कारखान्याच्या मागून जाऊन शेवटी एका रोपवाटिकेला लागायचा. कारखान्यात हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे कपडे धुवायला यायचे. ताईने ओढ्यावर पाच जागा ठरवल्या. दर शनिवारी सकाळी प्रत्येक जागी पाण्याचं तापमान घ्यायचं, पाणी आम्लाकडे झुकतंय की आम्लारीकडे ते सांगणारा पीएच मोजायचा, आणि पाण्यात ऑक्सिजन किती विरघळलाय ते तपासायचं. असं चौदा आठवडे.

पहिले पाच आठवडे तिने हे काम इतकं मनापासून केलं की काय सांगू. बाटली पाण्याखाली धरूनच भरायची, आत एकही बुडबुडा राहायला नको, लगेच दोन द्रावणांचे थेंब सोडायचे, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी गाळ तयार होतो. तो गाळ खाली बसताना बघायला ती मलाही दोनदा घेऊन गेली होती. "बघ," ती म्हणाली, "हा श्वास आहे ओढ्याचा." मी तेव्हा सोळा वर्षांची, मला थंडी वाजत होती आणि घरी जायचं होतं.

ती द्रावणं कॉलेजातले प्रयोगशाळा सहायक तयार करून द्यायचे. सगळे त्यांना लॅबकाका म्हणायचे. फार बोलायचे नाहीत. प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर, द्रावण जिथवर भरलंय तिथे पेनाने बारीक रेघ मारायची आणि तारीख घालायची, ही त्यांची पद्धत.

सहाव्या शनिवारी ताई आधी चौथ्या जागी गेली होती, म्हणजे कारखान्याच्या मागे; द्रावणाची बाटली अजून उघडलीही नव्हती. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात कोपरापर्यंत काळे, केसांना चिखल. वरच्या पुलावर एक गाडी थांबली. तिच्या शाळेतल्या तीन मैत्रिणी उतरल्या. एक डॉक्टर होत होती, दोघी इंजिनियर. एकीने कठड्यावरून वाकून हाक मारली, "अगं, तू? गटारात काय हरवलंय?"

आणि ताईच्या तोंडून निघून गेलं, "कानातलं पडलंय."

पाण्याच्या बाटल्या तिने पायाने पिशवीत सरकवल्या. तेवढ्यावर निभावलं असतं, पण मैत्रिणी चांगल्या होत्या. तिघी जणी धुतल्या बुटांनिशी खाली उतरल्या आणि काड्यांनी चिखल ढवळायला लागल्या. "सोन्याचं होतं का गं?" "कुठल्या बाजूला पडलं?" जवळजवळ अर्धा तास त्या, कधी नसलेलं कानातलं शोधत होत्या आणि ताईही त्यांच्याबरोबर वाकून शोधत होती. शेवटी डॉक्टर होणारीने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे, आई रागावली तर मी सांगते तिला."

ताई घरी आली ती थेट अंघोळीला गेली. त्या आठवड्याचे नमुने तिने ओतून दिले. पुढच्या शनिवारी म्हणाली, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊस होता. मग तिने ओढ्याकडे जाणंच सोडलं.

मी तिला दोष देत नाही असं म्हणणं सोपं आहे, कारण दोष माझाही आहे. एका रविवारी दुपारी आईबाबा बाहेर गेले होते. ताई जेवणाच्या टेबलाशी तक्ता पसरून बसली होती. पाच आठवड्यांचे आकडे भरलेले, पुढचे तीन रकाने कोरे. प्रकल्प बघणाऱ्या मॅडमना दर महिन्याला तक्ता दाखवावा लागायचा.

"थोडेसे इकडेतिकडे करून टाकायचे," ताई मला न बघता म्हणाली. "नाहीतरी पाच आठवडे सारखेच येत होते."

मी खुर्ची ओढून बसले. मला तो खेळ वाटला. "गेल्या वेळी पीएच सहा पूर्णांक आठ होता ना? आता सात पूर्णांक एक घे," मी म्हणाले. "मग परत जरा खाली आण. सगळे एकदम वाढले तर संशय येईल." ताईने लिहिलं. एके ठिकाणी मी म्हणाले, "इथे एक विचित्र आकडा टाक, खरा वाटेल," आणि आम्ही दोघी हसलो. हो, हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. पुढे दर रविवारी पाच मिनिटांत ते काम उरकायला लागलं. असे नऊ आठवडे.

बाराव्या आठवड्यात ताई मॅडमच्या खोलीत तक्ता दाखवायला उभी होती, तेव्हा दारात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात रोपांचा ट्रे. ओढ्याच्या टोकाला असलेली रोपवाटिका त्यांची. त्या आणि त्यांची धाकटी जाऊ, अशा दोघींनी मिळून पंधरा वर्षं ती चालवली होती. मोठी पाण्याचं आणि विक्रीचं बघायची, धाकटी माती आणि खत कालवायची. ट्रेमधल्या रोपांची पानं कडेने जळल्यासारखी झाली होती, मधली पिवळी पडलेली.

"मॅडम, आम्ही ओढ्याचंच पाणी लावतो," बाई म्हणाल्या. "पाण्यात काही आलंय का, तेवढं सांगा. वाफेच्या वाफे चाललेत."

मॅडमचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, बघा, आपल्या विषयाचा लोकांना असा उपयोग होतो. "अहो मावशी, अगदी योग्य वेळी आलात," त्या म्हणाल्या. "आमची ही विद्यार्थिनी दर आठवड्याला तुमच्याच ओढ्याचं पाणी तपासते. बघू गं तक्ता."

ताईने तक्ता दिला. मॅडमनी बोट फिरवत शेवटच्या पाच रकान्यांपर्यंत नेलं. "पाण्यात काही दोष नाही. पीएच स्थिर, ऑक्सिजन चांगला. दुसरीकडे कुठेतरी बघा." आणि कॉलेजच्या कागदावर तसं लिहूनही दिलं.

मावशींनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. ताईकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू मोजतेस. नाहीतर आम्ही पाण्यालाच शिव्या घालत बसलो असतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे मातीतच घोळ आहे."

त्या क्षणी बोलली असती तरी चाललं असतं. ताई मला नंतर कितीदा तरी म्हणाली आहे, की जीभ उचलतच नव्हती. मॅडम कौतुकाने बघत होत्या. मावशी आभार मानत होत्या. तिने मान खाली घालून "हो" म्हटलं.

त्याच संध्याकाळी ती ओढ्यावर पळाली. चौथ्या जागी, पाचव्या जागी पीएच घेतला. दोन्हीकडे ठीक आला. तिला वाटलं, सुटले. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही, कारण आजचं पाणी ठीक आहे म्हणजे गेल्या महिन्यातलंही ठीक होतं, असं होत नाही, हे तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्या मधल्या काळात कारखान्याने काही सोडलं असेल, तर ते कधीच वाहून गेलं होतं. ते पकडायला एकच माणूस होतं, आणि ते जेवणाच्या टेबलाशी बसून आकडे रचत होतं.

दोन आठवड्यांनी लॅबकाकांनी तिला थांबवलं. तास संपून सगळे गेले होते. ते ओटा पुसत होते. पुसता पुसता त्यांनी एक बाटली तिच्यासमोर आणून ठेवली. ऑक्सिजन तपासायला लागणाऱ्या दोन द्रावणांपैकी ते पहिलं होतं, पाचव्या आठवड्यानंतर नव्याने भरून दिलेलं.

"पाच जागा. जागेला दोन मिली," ते म्हणाले. "आठवड्याला किती झाले?"

"दहा," ताई म्हणाली.

"नऊ आठवड्यांचे?"

त्यांनी चिठ्ठीवरच्या रेघेवर बोट ठेवलं. द्रावण बरोबर रेघेला टेकलेलं होतं.

"नव्वद मिली कुठे गेलं, पोरी?"

ताई रडायला लागली. काकांनी तिला गप्प केलं नाही, की रागावले नाहीत. बाटली जागेवर ठेवून म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही. मला सांगायचं असतं तर महिन्यापूर्वीच सांगितलं असतं. मी वाट बघत होतो." एवढं बोलून ते फडकं धुवायला गेले. ताई म्हणते, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एक माणूस महिनाभर वाट बघतोय आणि आपण रोज त्याला 'काका, परीक्षानळ्या द्या, काका, बाटल्या द्या' म्हणत समोरून जातोय, हे तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "मी त्या बाईंना कॉलेजच्या कागदावर लिहून दिलं, तेव्हा तू इथेच उभी होतीस ना?"

"हो."

"इथेच? या टेबलापाशी?"

"हो, मॅडम."

त्यांनी प्रकल्प रद्द केला. म्हणजे ताईचं वर्ष गेलं. घरी कळलं तेव्हा बाबा खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या कामात केबल न तपासता 'तपासली' म्हणून लिहिलं तर माणसं मरतात. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. शेवटी एवढंच विचारलं, "सगळे आकडे तूच बनवलेस?"

मी दाराला टेकून उभी होते. ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हो, मीच," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. पुढे वर्षानुवर्षं बोलले नाही. बाबा गेले, तरी त्यांना कळलं नाही की सात पूर्णांक एक हा माझा आकडा होता. हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

मावशींकडे जायचं मात्र ताई आठ दिवस टाळत राहिली. रोज निघायची आणि कोपऱ्यावरून परत यायची. नवव्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. निदान तेवढं तरी केलं. रोपवाटिकेत मावशी एकट्याच होत्या. अर्धे वाफे रिकामे होते. ताईने उभ्या उभ्याच सांगितलं. मधे मधे अडखळली, पण गाळलं काहीच नाही.

मावशींना आधी समजलंच नाही. "म्हणजे पाणी खराब होतं?"

"माहीत नाही, मावशी. मी मोजलंच नव्हतं."

"मग चांगलं होतं?"

"तेही माहीत नाही."

मावशी कुंड्यांच्या चवडीवर बसल्या. हातातलं खुरपं खाली ठेवलं. "तुला ठाऊक आहे, मी काय केलंय?" त्या म्हणाल्या. "तुझा कागद मी तिच्या तोंडावर फेकला. माझ्या जावेच्या. म्हटलं, पाणी चांगलं आहे, लेखी आहे, कॉलेजचं आहे. म्हणजे मातीत घाण तूच केलीस. ती शपथा घेत होती. मी म्हटलं, शिकलेली माणसं खोटं लिहितात का? पंधरा वर्षांत तिला मी कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. ती गेली, सामान घेऊन. भावाकडे राहते आता."

ताई काहीतरी बोलायला गेली. मावशींनी हात वर केला. "माफ कर वगैरे आत्ता म्हणू नकोस. मला आधी तिच्याकडे जायचंय. तोंड कुठलं घेऊन जाऊ, ते बघू दे."

त्या गेल्या. जावेने दार उघडलं, चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कागद खोटा होता, ते ठीक आहे. पण तुम्ही तो खरा मानलात आणि मला खोटी मानलीत, त्याचं काय?" ती परत आली नाही. पुढे एकमेकींकडे येणं-जाणं सुरू झालं, लग्नकार्यात शेजारी बसायच्या. पण माती मावशींना एकटीनेच कालवावी लागली.

ताईने पुढच्या वर्षी तोच प्रकल्प पुन्हा केला. चौदा शनिवार, पाच जागा. पुलावरून कुणी हाक मारली की ती मान वर करून सांगायची, "पाणी तपासतेय." डॉक्टर मैत्रिणीला तिने कानातल्याचंही सांगितलं. ती खूप हसली आणि मग एकदम म्हणाली, "माझे बूट वाया गेले ना गं!" ताईला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली नाही, याचंच ताईला जास्त वाईट वाटलं.

त्या चौदा आठवड्यांत एकदाच, चौथ्या जागी पीएच एकदम चढला. ताईने तासाभरात मावशींना जाऊन सांगितलं, त्यांनी पंप बंद केला, मॅडमनी कारखान्याला पत्र पाठवलं. कारखान्याने उत्तर दिलं की हौद साफ करताना एकदाच तसं झालं होतं. गेल्या वर्षीही एकदाच झालं होतं का, हे कुणी सिद्ध करू शकलं नाही. त्या नऊ आठवड्यांबद्दल आजही कुणाला काही सांगता येत नाही. मॅडमनी ताईला पास केलं. गुण बरे दिले, शेरा दिला नाही.

नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी केंद्रात ताईच्या नावाने एक फोन आला. मावशींचा होता. त्यांनी आता बोअरचं पाणी घेतलं होतं आणि ते तपासून हवं होतं. ताई सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन नमुना घेऊन आली, तपासला, फोन करून आकडे सांगितले.

मावशींनी विचारलं, "मोजलंस ना?"

"मोजलं, मावशी."

"तू स्वतः?"

"मी स्वतः."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी हेच. वर्षं उलटली, रोपवाटिका मुलीच्या हातात गेली, मावशींना ऐकू कमी यायला लागलं, पण फोन त्याच करायच्या. आकडे ऐकायच्या, लिहून घ्यायच्या आणि शेवटी तोच प्रश्न. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, वीस वर्षं झाली. सांग ना त्यांना, आता पुरे म्हणून." ताई काचेच्या बाटल्या रॅकमध्ये लावत होती. म्हणाली, "का सांगू? विचारायचा हक्क आहे त्यांचा." मग फोन वाजला, तिने हात पुसले आणि तो घेतला. "हो, मावशी," ती मोठ्याने म्हणाली. "मोजलं. मीच मोजलं."